इंग्लंडमध्ये आल्यावर डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला शाळेत मदत कशी मिळवावी?

पुण्याची_आई (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहायला आलो. आमचा नऊ वर्षांचा मुलगा सप्टेंबरपासून घराजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत इयर फाइव्हमध्ये जातो. पुण्यात तो सेमी इंग्रजी शाळेत होता. दुसरी संपत आली तरी त्याला जोडाक्षरे वाचता येत नव्हती. 'प्रकाश' हा शब्द तो कधी 'पकाश' तर कधी 'परकाश' असा वाचत असे, 'घ' आणि 'ध' यांची गल्लत करत असे, आणि फळ्यावरचा मजकूर वहीत उतरवताना तास संपला तरी निम्म्यावरच असे. वर्गशिक्षिकांच्या सूचनेवरून तिसरीत आम्ही त्याची तपासणी करून घेतली. बुद्ध्यांक सर्वसाधारण असून वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, असल्याचे अहवालात नोंदवलेले आहे. त्यानंतर तो एका विशेष शिक्षिकेकडे नियमितपणे जात होता आणि त्याचे मराठी वाचन हळूहळू मार्गी लागत होते.

प्रवेशाच्या वेळी आम्ही हा अहवाल येथील शाळेला दिला. पहिल्या पालकभेटीत वर्गशिक्षिका आपुलकीने बोलल्या, परंतु इंग्रजी ही त्याची दुसरी भाषा असल्याने त्याला रुळायला दोन-तीन सत्रे द्यावीत आणि त्यानंतरही वाचन अडले तर पुढचा विचार करू, असे त्यांचे म्हणणे पडले. पुढचे वर्ष प्राथमिक शाळेचे शेवटचे आहे. शिवाय रविवारी रात्रीपासूनच तो पोटात दुखत असल्याचे सांगू लागतो, त्यामुळे नुसते थांबून राहणे मला पटत नाही.

भारतातला अहवाल येथे ग्राह्य धरतात का, की नव्याने तपासणी करावी लागते? 'थोडे थांबू' या म्हणण्याला सभ्यपणे पण ठामपणे काय उत्तर द्यावे? आम्ही कामाच्या व्हिसावर आहोत. अशी मदत मागितल्याचा त्यावर परिणाम होईल का? घरात मराठी बोलणे बंद करा, असा सल्लाही काही परिचितांनी दिला आहे. त्याबद्दलही अनुभवी लोकांचे मत कळावे, ही विनंती.

हॅरोकर

ताई, व्हिसाची काळजी प्रथम मनातून काढून टाका. तुमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते व मदत घेता येणार नाही, अशी अट असणार, परंतु सरकारी शाळेतले शिक्षण त्या सार्वजनिक निधीच्या व्याख्येत येत नाही आणि शाळेने त्या शिक्षणाचा भाग म्हणून दिलेली मदतही येत नाही. डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स हा भत्ता मात्र त्या व्याख्येत येतो, म्हणून त्याच्यासाठी अर्ज करू नये.

आता मुख्य मुद्दा. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाची इंग्लंडमधली सारी व्यवस्था २०१४ च्या 'चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्ट' या कायद्यावर आणि त्याखालच्या २०१५ च्या 'सेंड कोड ऑफ प्रॅक्टिस' या नियमावलीवर उभी आहे. त्या नियमावलीचा परिच्छेद ६.२४ आपल्यासारख्या कुटुंबांनी स्वतः वाचून ठेवावा. केवळ इंग्रजी ही दुसरी भाषा असल्यामुळे येणारी अडचण ही विशेष गरज नव्हे, असे त्यात म्हटले आहे आणि शाळा बहुधा एवढाच भाग लक्षात ठेवतात. परंतु त्याच परिच्छेदात असेही म्हटले आहे की ज्या मुलांची पहिली भाषा इंग्रजी नाही त्यांच्या गरजा ओळखताना विशेष काळजी घ्यावी आणि मूल मागे पडते आहे ते भाषेमुळे की अन्य गरजेमुळे, हे शाळेने सर्व बाजूंनी तपासून पाहावे. म्हणजे नियमावली तपासायला सांगते. ठरावीक सत्रे वाट पाहा, असे ती कोठेही सांगत नाही.

त्यामुळे यापुढचा पत्रव्यवहार वर्गशिक्षिकांना सोबत ठेवून पण शाळेच्या सेन्कोशी, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांचे काम पाहणाऱ्या समन्वयकाशी, करावा. प्रत्येक सर्वसाधारण सरकारी शाळेत हे पद असावेच लागते आणि ते प्रशिक्षित शिक्षकाकडेच असते. ईमेल लहान लिहा: मुलाचे नाव, वर्ग, पुण्यातील तपासणीची तारीख व निष्कर्ष, येथे घरी दिसणाऱ्या अडचणी, आणि 'त्याचा समावेश सेन सपोर्टमध्ये करावा यासाठी भेट हवी आहे' ही स्पष्ट मागणी. सेन सपोर्ट म्हणजे मुलाची गरज पाहणे, योजना आखणे, ती राबवणे आणि परिणाम पाहून ती सुधारणे असे चार टप्प्यांचे फिरते चक्र असते. त्यासाठी निदानाचे प्रमाणपत्र लागत नाही. मुलाला त्यात घेतल्यावर शाळेने पालकांना तसे कळवावे लागते आणि वर्षातून किमान तीनदा त्यांच्याशी भेट घेऊन प्रगतीवर बोलावे, असे नियमावली सांगते. याच कायद्याच्या कलम ६६ नुसार आवश्यक मदत मिळावी म्हणून शाळेने शक्य ते सर्व प्रयत्न करणे बंधनकारक आहे. २०१० च्या इक्वालिटी ॲक्ट या समानतेच्या कायद्याखालीही रास्त सोयी देण्याची जबाबदारी तिच्यावर येते.

याच्या वरची पायरी म्हणजे ईएचसी प्लॅन, म्हणजे मुलाच्या शिक्षण, आरोग्य व देखभालीच्या गरजांची कायदेशीर योजना. त्यासाठीच्या तपासणीची विनंती पालक थेट लोकल ऑथॉरिटीकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, करू शकतात, त्याला शाळेची संमती लागत नाही. तपासणी करायची की नाही याचे उत्तर सहा आठवड्यांत आणि अंतिम प्लॅन वीस आठवड्यांत मिळायला हवा, अशी कायदेशीर मुदत आहे, आणि नकार आल्यास न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. प्रत्यक्षात ही मुदत अनेकदा पाळली जात नाही. फक्त डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांची व्यवस्था सेन सपोर्टमध्येच होते, म्हणून माझ्या मते पहिली काही महिन्यांची शक्ती तिथेच लावावी.

प्रत्येक लोकल ऑथॉरिटीच्या हद्दीत 'सेंडियास' नावाची विनामूल्य व निःपक्षपाती सल्लासेवा असते. शाळेतील भेटीआधी त्यांच्याशी अवश्य बोला. कायद्याचा प्रश्न अडला तर 'इप्सिया' या धर्मादाय संस्थेच्या संकेतस्थळावर पत्रांचे नमुने मिळतात, आणि १९७२ पासून काम करणाऱ्या ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनची हेल्पलाइनही आहे.

विशेष_शिक्षिका_दादर

मी मुंबईत अनेक वर्षे अध्ययन अक्षम मुलांना शिकवते आहे आणि माझे काही विद्यार्थी पालकांबरोबर परदेशी गेलेले आहेत. त्यांच्या पालकांना जे सांगते तेच येथे लिहिते.

महाराष्ट्रात आपल्याला एका वेगळ्या पद्धतीची सवय असते. शीव, केईएम किंवा नायर यांसारख्या रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळाले की बोर्डाच्या सवलती, म्हणजे जादा वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेतून सूट, लागू होतात. प्रमाणपत्र नसेल तर दार बंद. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाल्यापासून त्या कागदाचे वजन आणखी वाढले. त्यामुळे परदेशी गेलेले पालक अहवालाची प्रत शाळेच्या हाती देतात आणि आता पुढचे आपोआप होईल असे धरून चालतात. तेथील शिक्षकांना मात्र निदानाच्या ओळीपेक्षा मूल नेमके कोठे अडते, हे हवे असते, आणि ते आपल्या अहवालांत शेवटच्या पानांवर आकड्यांत दडलेले असते. तुमच्या मुलाची तपासणी बहुधा बंगळुरूच्या निमहॅन्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीसंचाने आणि बुद्ध्यांकाच्या भारतीय चाचणीने झालेली असेल. इंग्लंडमधल्या सेन्कोला या चाचण्या ओळखीच्या नसतात. म्हणून अहवालासोबत पुण्यातील विशेष शिक्षिकेकडून एक पानभर पत्र इंग्रजीत मागवून घ्या. त्यात त्या मुलाला कोणत्या टप्प्यापासून शिकवायला घेतले, आता तो कोठे आहे, कोणत्या रीतीने शिकवल्यावर फरक पडला आणि काय केल्यावर पडला नाही, एवढेच असावे. त्याला जोडून तिसरीतल्या मराठी निबंधाच्या वहीची दोन पाने द्या आणि चुकलेल्या शब्दांखाली इंग्रजीत एकेका ओळीचे स्पष्टीकरण लिहा.

याचे कारण असे की मराठी वाचनातली अडचण हाच तुमच्याकडचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. देवनागरीत चिन्ह आणि ध्वनी यांचे नाते बरेच नियमित असते; त्यामुळे अन्य काही अडचण नसलेले मूल दुसरी-तिसरीपर्यंत संथपणे का होईना, वाचू लागते. तुमचा मुलगा घरी, शाळेत, शेजारी जी भाषा दिवसभर ऐकत-बोलत वाढला, त्याच भाषेत त्याला 'क्र' आणि 'र्क' यांत फरक करता येत नव्हता, वेलांट्या उलटसुलट पडत होत्या आणि 'कपाट'मधला 'क' काढला तर काय उरते हे सांगताना तो अडखळत होता (हे तुमच्या शिक्षिका नक्की सांगू शकतील), तर ही अडचण इंग्रजी नवीन असल्यामुळे आलेली नाही, हे कोणाही समंजस शिक्षकाला पटते. इंग्रजीत एकाच ध्वनीची स्पेलिंगे अनेक, आणि एकाच स्पेलिंगचे उच्चारही अनेक. जे मूल नियमित लिपीत अडते ते तेथे अधिकच अडणार, आणि म्हणूनच दोन-तीन सत्रे वाट पाहणे त्याला महागात पडेल.

नव्याने तपासणीची घाई मात्र मी करणार नाही. तेथे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेमार्फत डिस्लेक्सियाची तपासणी होत नाही. खासगीत ती नोंदणीकृत शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ किंवा त्यासाठीचे प्रमाणपत्र असलेले विशेष शिक्षक करतात आणि त्याला काहीशे पौंड पडतात. त्या चाचण्यांचे निकष इंग्रजीत वाढलेल्या मुलांवर बेतलेले असतात, त्यामुळे नुकत्याच गेलेल्या मुलाचे गुण सांभाळूनच वाचावे लागतात. तपासणी वर्षभराने झाली तरी चालेल, परंतु शिकवणे आत्ताच सुरू व्हायला हवे. या दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका. दरम्यान डोळे आणि कान तपासून घ्या. सोळा वर्षांखालील मुलांची नेत्रतपासणी तेथे एनएचएसतर्फे मोफत असते. सुट्टीत भारतात येणार असाल तर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेल्या 'डाली' या चाचणीची चौकशी करा; ती मराठीतही उपलब्ध आहे.

भेटीत एक काळजी अवश्य घ्या. आपल्या अहवालात 'लर्निंग डिसॅबिलिटी' असे लिहिलेले असेल तर इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ बौद्धिक अक्षमता असा घेतला जाण्याचा धोका आहे. तेथे 'स्पेसिफिक लर्निंग डिफिकल्टी, डिस्लेक्सिया' असेच म्हणावे.

आणि घरातली मराठी कृपया बंद करू नका. दुसऱ्या भाषेमुळे डिस्लेक्सिया होत नाही आणि वाढतही नाही. ज्या भाषेत आईला गोष्ट रंगवून सांगता येते त्याच भाषेत मुलाचा शब्दसंग्रह आणि विचार वाढतो. रोज रात्री त्याला मोठ्याने वाचून दाखवा, मराठीत आणि इंग्रजीतही. त्याला वाचायला लावू नका. तुम्ही वाचा आणि त्याला ऐकू द्या.

पुण्याची_आई

दोघांचेही मनापासून आभार. पुण्यातील शिक्षिकांना कालच फोन केला आणि त्यांनी या आठवड्यात पत्र पाठवण्याचे कबूल केले आहे. सेन्कोंना ईमेल पाठवला, त्यांनी पुढच्या आठवड्यात भेटीची वेळ दिली आहे. शाळेने मदत सुरू केली, तर ती योग्य प्रकारची आहे की नाही, हे आम्हाला कसे कळावे? यजमानांचे सहकारी खासगी शाळेत घाला असे सुचवत आहेत, तेही ऐपतीच्या पलीकडचे असले तरी मनात घोळते आहे.

लीड्सची_सहायिका

मी येथील एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून काम करते आणि सेन सपोर्टमधल्या मुलांचे छोटे गट रोज घेते, त्यामुळे दाराच्या आतल्या बाजूने सांगते.

'त्याला मदत मिळते आहे' या वाक्यावर समाधान मानू नका. चार गोष्टी नेमक्या विचारा: कोण शिकवणार, आठवड्यातून किती वेळा आणि किती मिनिटे, कोणत्या कार्यक्रमानुसार, आणि सुरुवातीचा व शेवटचा मोजमाप कशाने होणार. वर्गात मागे बसून सहायिकेने प्रश्न वाचून दाखवणे ही सोय आहे. ती हवीच, पण त्याने वाचन सुधारत नाही. वाचन सुधारायला ध्वनी आणि अक्षरसमूह यांची नाती अगदी पायापासून, ठरलेल्या क्रमाने, रोज थोडी थोडी आणि पुष्कळ उजळणीसह शिकवावी लागतात.

माझ्या गटातले एक सत्र कसे असते ते लिहिते. मूल येते, प्रथम कालच्या अक्षरसमूहांची पत्ते पिसल्यासारखी पिसलेली कार्डे पटापट वाचते. मग मी एक शब्द म्हणते आणि ते त्यातला प्रत्येक ध्वनी बोटावर मोजत वेगळा करते, मग प्रत्येक ध्वनीसाठी एक चकती सरकवते, चकतीच्या जागी अक्षरे ठेवते आणि शेवटी मोठ्याने ध्वनी म्हणत तो शब्द लिहिते. त्यानंतर फक्त शिकवून झालेल्या ध्वनींचाच वापर असलेला एक छोटा उतारा वाचते. वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. यात चित्र पाहून किंवा पहिल्या अक्षरावरून शब्द ओळखण्याला जागा नसते. तुमच्या मुलाच्या वयाच्या मुलांना लहान मुलांची रंगीत पुस्तके देणे त्यांना फार लागते, म्हणून मोठ्या मुलांसाठी तयार केलेला मजकूर शाळेकडे आहे का, हेही विचारा.

येथे इयर वनमध्ये २०१२ पासून फोनिक्सची, म्हणजे अक्षरांवरून ध्वनी जुळवत वाचण्याची, चाचणी होते आणि त्यामुळे तोवरची फोनिक्सची शिकवण बहुतेक मुलांना दोन वर्षे मिळालेली असते. इयर फाइव्हमध्ये थेट आलेल्या मुलाला ती मिळालेलीच नसते आणि वर्गशिक्षिकेच्या हे चटकन ध्यानात येत नाही, कारण तिच्या वर्गात फोनिक्स शिकवायचे नसते. भेटीत ही गोष्ट आवर्जून काढा. डिस्लेक्सिया मान्य होवो न होवो, फोनिक्स पायापासून शिकवण्याला कोणी नकार देणार नाही, आणि तुमच्या मुलाला नेमके तेच हवे आहे.

पोटदुखीबद्दलही सेन्कोंना सांगा. वर्गात त्याला अचानक उभे करून मोठ्याने वाचायला लावू नये, गृहपाठ फळ्यावरून उतरवून घ्यायला न सांगता छापून द्यावा, इतिहास-विज्ञानात त्याला तोंडी उत्तर देऊ द्यावे, या गोष्टींना पैसे लागत नाहीत आणि त्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होऊ शकतात. आमच्या शाळेत पंजाबहून आलेल्या एका मुलीचे रडणे मोठ्याने वाचण्याची सक्ती थांबल्यावर आठवड्याभरात थांबले. वाचन यायला मात्र बराच काळ लागला.

खासगी शाळेबद्दल थोडक्यात सांगते: इक्वालिटी ॲक्ट त्यांनाही लागू आहे, पण वर उल्लेख झालेले कलम ६६ सर्वसाधारण खासगी शाळांना लागू नाही, आणि जानेवारी २०२५ पासून तेथील शुल्कावर २० टक्के व्हॅटही लागतो. डिस्लेक्सियाचे खास शिक्षण देणाऱ्या शाळा वेगळ्या, पण नुसती 'खासगी' म्हणून उडी घेऊ नका.

ग्लासगोकर

वाचणाऱ्यांपैकी कोणी स्कॉटलंडमध्ये असेल तर एवढे लक्षात ठेवावे की वरचा कायदा इंग्लंडपुरता आहे. आमच्याकडे २००४ चा 'ॲडिशनल सपोर्ट फॉर लर्निंग' कायदा चालतो, ईएचसी प्लॅन नसतो, आणि पालकांसाठी 'एन्क्वायर' ही राष्ट्रीय सल्लासेवा आहे. वेल्सची व्यवस्थाही वेगळी आहे.

हॅरोकर

ताई, तुम्ही शेवटच्या वर्षाचा उल्लेख केला होता म्हणून त्याबद्दल लिहितो. माझी मुलगी या वाटेने माध्यमिक शाळेत पोहोचली आहे.

इयर सिक्सच्या मे महिन्यातल्या सॅट्स परीक्षांचा ताण तुम्ही घेऊ नका. त्या परीक्षांत मुलाला रोजच्या वर्गात मिळणाऱ्या मदतीच्या आधारे जादा वेळ मिळू शकतो आणि गणिताचे प्रश्न वाचून दाखवता येतात. वाचनाच्या पेपरात मात्र फक्त सर्वसाधारण सूचनाच वाचून दाखवल्या जातात. कळीचा शब्द 'रोजच्या वर्गात' हा आहे. पुढे आपल्या दहावीसारख्या जीसीएसई परीक्षेलाही तेच सूत्र चालते: २५ टक्के जादा वेळेसाठी शाळेने केलेली किंवा शाळेशी समन्वय साधून केलेली तपासणी इयर नाइनच्या आधीची चालत नाही, पालकांनी परस्पर आणलेला खासगी अहवाल एवढ्यावर पुरेसा ठरत नाही, आणि ती सोय ही मुलाची नेहमीची काम करण्याची पद्धत आहे हे शाळेला दाखवावे लागते. म्हणून आज इयर फाइव्हमध्ये ज्या सोयी मिळतील त्या प्रत्येक भेटीच्या टिपणात लिखित स्वरूपात येतील असे पाहा, आणि भेटीनंतर त्याच दिवशी 'आज असे ठरले' असा ईमेल सेन्कोंना पाठवून द्या.

माध्यमिक शाळेचा अर्ज इयर सिक्सच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो आणि निकाल १ मार्चच्या सुमारास येतो, म्हणजे शाळा पाहण्याचे काम तुम्हाला येत्या सप्टेंबरमध्येच करावे लागेल. शाळा पालकांसाठी खुल्या ठेवल्या जातात त्या संध्याकाळी प्रयोगशाळा आणि क्रीडांगण पाहण्यात वेळ जातो. तुम्ही मात्र सरळ त्या शाळेच्या सेन्कोंना गाठा. इयर सेव्हनमध्ये आलेल्या, अजून नीट वाचता न येणाऱ्या मुलाला तुमच्याकडे वाचन कोण शिकवते आणि त्यासाठी त्याला कोणत्या तासातून बाहेर काढता, हे त्यांना विचारा. चित्रकला किंवा खेळाच्या तासातून काढतो असे उत्तर आले, तर मी ती शाळा यादीत खाली ढकलेन, कारण आपल्या मुलांना शाळेत जिथे यश मिळते तेच तास बहुधा ते असतात.